फोन तुमचा ठावठिकाणा कुणाकुणाला सांगतो?

मागच्या आठवड्यात मावशीने तिचा फोन माझ्यापुढे धरला. "हे लोकेशन एकदाचं बंद करून दे बाई. सगळं रेकॉर्ड होतं म्हणतात." मी वरून बोट ओढून पाहिलं, तर लोकेशन बंदच होतं. तिनेच कधीतरी बंद केलेलं. मग रस्ता शोधताना नकाशाने मागितलं म्हणून चालू केलं, पोचल्यावर आठवणीने बंद केलं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. ही चालू-बंदची कसरत ती कित्येक महिने नेटाने करत होती. आणि एवढं करून तिच्या फोनमधल्या एका टॉर्चच्या अ‍ॅपला 'सतत लोकेशन घ्यायला हरकत नाही' अशी परवानगी दिलेली होती. नकाशासाठी बटण चालू झालं की त्या टॉर्चलाही तिचा ठावठिकाणा मिळायचा.

मावशीसारखे खूपजण हे करतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. फोनमध्ये 'लोकेशन' नावाचं एकच बटण ठळक दिसतं, म्हणून ते एकच काम आहे असं वाटतं. पण त्यामागे तीन वेगळी कामं आहेत. फोन स्वतः कुठे आहे हे शोधणं, हे एक. ते कुठल्या अ‍ॅपला, केव्हा आणि किती बारकाईने सांगायचं, हे दुसरं. आणि सांगितलेलं कुठे साठवून ठेवायचं, हे तिसरं. बहुतेक लोक पहिल्यावर सगळी काळजी खर्च करतात. माझं म्हणणं असं की पहिलं खुशाल चालू ठेवा आणि तो वेळ दुसऱ्या-तिसऱ्याला द्या. असं का म्हणते, ते कळायला फोन ठिकाण शोधतो कसं तेवढं आधी पाहू.

उपग्रहाला तुम्ही माहीतच नसता

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येकात अतिशय काटेकोर अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक, आत्ता इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. हा संदेश रेडिओलहरीने प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी एवढं अंतर कापायला त्याला सेकंदाचा सुमारे पंधरावा भाग लागतो. संदेश निघाला केव्हा आणि पोचला केव्हा, यातल्या फरकावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. असे तीन उपग्रह मिळाले की जागा ठरायला हवी. पण फोनमधलं घड्याळ अणुघड्याळ नसतं. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. म्हणून चौथा उपग्रह लागतो. त्याच्या मदतीने फोन आपल्या घड्याळाची चूकही त्याच गणितात काढून टाकतो.

या घड्याळांची एक गोष्ट मला फार आवडते. उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). वेगामुळे ते थोडं मागे पडतं, पण उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने त्याहून जास्त पुढे जातं. हा हिशेब आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तातून येतो. तो धरला नसता, तर एका दिवसात ठिकाण दहाएक किलोमीटरने सरकलं असतं.

महत्त्वाचं हे की या सगळ्यात फोन फक्त ऐकतो. रेडिओवर बातम्या ऐकणारा माणूस कोण, कुठे बसलाय, हे रेडिओ केंद्राला कळत नाही, तसंच हे. फोन उपग्रहाला काहीही पाठवत नाही. त्यामुळे 'उपग्रहावरून माझ्यावर नजर आहे' ही भीती निदान जीपीएसपुरती तरी मनातून काढून टाका. याच कारणाने जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, आणि बहुतेक फोनमध्ये ते फ्लाइट मोडमध्येही चालतं. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवला असेल, तर रेंज नसलेल्या डोंगरातही निळा ठिपका तुमच्याबरोबर चालत राहतो.

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा. मे २००० पर्यंत सामान्य लोकांसाठी तिच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे ठिकाण १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसायचं. ती चूक मिसळणं थांबवल्यावर नकाशावरचं वळण न वळण सांगणं शक्य झालं. आजचे फोन तिच्या जोडीने रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणाही ऐकतात. काही फोन भारताची नाविक आणि जपानची क्यूझेडएसएसही ऐकतात. बोलताना आपण सगळ्यालाच जीपीएस म्हणतो, तेवढं चालतं. उघड्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो.

मग घरात बसून ठिकाण कसं कळतं?

उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत फार क्षीण झालेला असतो. काँक्रीटचं छत, बोगदा, तळघर आलं की तो संपला. उंच इमारतींच्या गल्लीत तो भिंतींवर आपटून, लांबचा रस्ता घेऊन येतो. फोनला वाटतं अंतरच जास्त आहे, आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो.

अशा वेळी फोन आजूबाजूची वायफायची राउटरं बघतो. प्रत्येक राउटर स्वतःची ओळख हवेत पुकारत असतो. फोन ती यादी गूगल किंवा अ‍ॅपल कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, 'मला हे आणि हे राउटर ऐकू येतायत, मी कुठे असेन?' कोणता राउटर कुठे आहे याची प्रचंड मोठी नोंद कंपनीकडे असते, त्यावरून उत्तर येतं. त्या राउटरला जोडलेलं असण्याची गरज नाही, पासवर्ड माहीत असण्याचीही नाही. वायफायही नसेल तर मोबाइलचे टॉवर आहेत, पण त्यांचा अंदाज शेकडो मीटरपासून काही किलोमीटरपर्यंत चुकू शकतो.

फरक लक्षात आला ना? उपग्रहाच्या पद्धतीत फोन नुसता ऐकतो, वायफायच्या पद्धतीत तो बोलतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, मग लोकेशन, मग लोकेशन सर्व्हिसेस इथे गेलात की 'लोकेशन अ‍ॅक्युरसी' आणि 'वायफाय स्कॅनिंग' अशी दोन नावं दिसतील. फोन मराठीत असेल तर लोकेशनला 'स्थान' म्हटलेलं असतं. वायफाय स्कॅनिंग चालू असेल, तर वरचं वायफायचं चिन्ह बंद करूनही फोन आजूबाजूचे राउटर तपासत राहतो. हे अनेकांना माहीत नसतं. मी स्वतः अ‍ॅक्युरसी चालू ठेवते, कारण तिच्याशिवाय घरात आणि दाट वस्तीत ठिकाण फारच भोंगळ येतं. स्कॅनिंग मात्र बंद ठेवते. वायफाय बंद केलं म्हणजे ते खरोखर बंद असावं, असं मला वाटतं.

नेटचा आणखी एक उपयोग होतो. कुठला उपग्रह कुठे आहे याची पूर्ण यादी उपग्रहाकडूनच घ्यायची तर साडेबारा मिनिटं लागतात, इतक्या संथपणे ती येते. फोन नेटवरून ही माहिती आधीच मिळवतो, म्हणून ठिकाण काही सेकंदांत सापडतं. फोन बरेच दिवस बंद होता किंवा तुम्ही विमानाने दूर कुठेतरी उतरलात आणि नेट नाही, तर पहिला ठिपका यायला वेळ लागेल. फोन बिघडला म्हणून घाबरू नका. उघड्यावर उभं राहून काही मिनिटं थांबा.

निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ असतं, ते जरूर पाहायला शिका. 'मी या वर्तुळात कुठेतरी आहे' असं फोन त्यातून सांगत असतो. जिन्यात उभं राहून नकाशा उघडा. वर्तुळ अख्खी इमारत व्यापून बसलेलं दिसेल. तसंच चालत बाहेर या, आकाश दिसलं की ते आवळत आवळत ठिपक्याला येऊन चिकटतं. रस्ता विचारणाऱ्या माणसाला लोकेशन पाठवायचं असेल, तर वर्तुळ आवळेपर्यंत थांबून मगच पाठवा. चुकीच्या दारात जाणारे निम्मे लोक तरी यामुळे वाचतील.

परवानगी: खरं काम इथे आहे

आता दुसरा भाग. फोनला ठिकाण कळलं म्हणजे अ‍ॅपला कळलं असं होत नाही. मध्ये परवानगी नावाचं दार आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे आहे.

दार किती उघडायचं याच्या चार तऱ्हा आहेत: सतत, फक्त अ‍ॅप वापरत असताना, प्रत्येक वेळी विचारून, आणि कधीच नाही. 'फक्त वापरताना' ही सोय अँड्रॉइडला २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीत मिळाली. त्याआधी एकदा हो म्हटलं की ते अ‍ॅप मागे राहूनही ठिकाण घेऊ शकायचं. 'फक्त या वेळेपुरतं' हा पर्याय आयफोनमध्ये २०१९ साली आणि अँड्रॉइडमध्ये २०२० साली आला. पुढे आणखी एक बारीक पण फार कामाची सोय आली: अचूक ठिकाण द्यायचं की अंदाजे. आयफोनमध्ये ती २०२० पासून आहे, अँड्रॉइडमध्ये २०२१ पासून. अँड्रॉइडवर अंदाजे म्हणजे साधारण तीन चौरस किलोमीटरचा परिसर. तुम्ही कुठल्या भागात आहात ते कळतं, कुठल्या घरात ते कळत नाही.

हवामानाच्या अ‍ॅपला याहून जास्त काय हवं? पाऊस तुमच्या घरापुरता पडत नाही. बातम्यांचं अ‍ॅप, खरेदीचं अ‍ॅप, यांनाही अंदाजे पुरतं, किंवा तेही नको. नकाशा आणि गाडी बोलावायचं अ‍ॅप यांना अचूक ठिकाण लागतंच, पण 'वापरताना' एवढंच. अँड्रॉइडमध्ये रस्ता सांगत असताना स्क्रीन बंद झाली तरी वर सूचना दिसत असते, आणि तोवर अ‍ॅप वापरात आहे असंच फोन धरतो. त्यामुळे 'सतत दिलं नाही तर रस्ता मध्येच तुटेल' ही भीती नको.

'सतत' कुणाला? हरवलेला फोन शोधून देणारी सोय, आणि घरच्या माणसांना तुम्ही ठरवून ठिकाण दाखवत असाल तर ते अ‍ॅप. मला याहून तिसरं नाव पटकन सुचत नाही. बँकेच्या अ‍ॅपला मी 'प्रत्येक वेळी विचार' वर ठेवते. टॉर्च, कीबोर्ड, फोटोला रंग चढवणारं अ‍ॅप, कोडी सोडवायचे खेळ यांना ठिकाण मागण्याचं काही कारणच नाही. मागितलं तर नाही म्हणा. नाही म्हटल्यावर अ‍ॅप चालायलाच तयार नसेल, तर ते काढून टाका.

हे एकदा बसून तपासायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, लोकेशन, अ‍ॅप लोकेशन परमिशन्स. इथे सगळी अ‍ॅप गटागटाने मांडलेली असतात, 'सतत' वाला गट सगळ्यात वर. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधचौकटीत लोकेशन लिहा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, लोकेशन सर्व्हिसेस. तिथे नावांपुढे छोटा बाण दिसेल: जांभळा म्हणजे इतक्यातच ठिकाण घेतलं, राखाडी म्हणजे गेल्या २४ तासांत घेतलं. एखाद्या अ‍ॅपला तुम्ही आठवडाभर हात लावलेला नाही आणि बाण जांभळा आहे, तर त्या अ‍ॅपची परवानगी आधी उघडून बघा.

बॅटरीची तक्रारही बहुतेकदा इथेच सुटते. लोकेशनचं बटण नुसतं चालू असल्याने बॅटरी संपत नाही; कुणी ठिकाण मागितलं की ते शोधायला खर्च होते. 'सतत' वाली दहा अ‍ॅप दर थोड्या वेळाने विचारत राहिली, तर फोन खिशात पडल्यापडल्या दमतो.

लक्षात ठेवलेलं कुठे जातं

तिसरा भाग सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात नाजूक. तुम्ही आत्ता कुठे आहात यात फार थोड्यांना रस असतो. पण रोज रात्री कुठे असता, दर मंगळवारी कुठल्या दवाखान्यात जाता, मागच्या महिन्यात कुणाकडे तीनदा गेलात, हे साखळीने मिळालं तर आयुष्यच वाचता येतं. नाव काढून टाकलं तरी उपयोग होत नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी १५ लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या निनावी नोंदी तपासल्या. 'कुठे आणि केव्हा' असे फक्त चार ठिपके पुरेसे होते. ९५ टक्के माणसं तेवढ्यावरून गर्दीतून वेगळी काढता आली.

गूगलच्या खात्यात 'टाइमलाइन' नावाची सोय आहे, ती तुमच्या फेऱ्यांची डायरी ठेवते. तिचं आधीचं नाव लोकेशन हिस्टरी. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की ती बंद केली तरी 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' या दुसऱ्याच सेटिंगमधून ठिकाणं साठत राहतात. हे प्रकरण अमेरिकेतल्या ४० राज्यांनी लावून धरलं आणि २०२२ मध्ये गूगलने ३९ कोटी १५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. आता टाइमलाइनची नोंद फोनमध्येच ठेवण्याची पद्धत आली आहे, ठरावीक काळाने आपोआप पुसण्याची सोयही आहे. तरी खात्यात जाऊन दोन्ही सेटिंग्ज स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आयफोनमध्ये लोकेशन सर्व्हिसेसच्या यादीत अगदी तळाशी 'सिस्टिम सर्व्हिसेस' आहे, त्यात 'सिग्निफिकंट लोकेशन्स' सापडेल. ती नोंद कूटबद्ध असते, अ‍ॅपलला वाचता येत नाही. नको असेल तर बंद करा.

मग फोटो. कॅमेऱ्याला परवानगी असेल, तर प्रत्येक फोटोच्या पोटात तो कुठे काढला ते अक्षांश-रेखांशासह लिहिलं जातं. डिसेंबर २०१२ मध्ये संगणक-सुरक्षेच्या धंद्यातले जॉन मॅकॅफी पोलिसांना चुकवत होते. त्यांच्याबरोबर असलेल्या पत्रकारांनी एक फोटो प्रसिद्ध केला, त्यात ही माहिती तशीच राहिली होती, आणि ते ग्वाटेमालात आहेत हे सगळ्यांना कळलं. आपण पोलिसांपासून पळत नसतो, पण विकायच्या वस्तूचा घरी काढलेला फोटो अनोळखी माणसाला मूळ फाइल म्हणून पाठवतो तेव्हा घराचा पत्ताही पाठवत असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून पडते, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहते. सहलीच्या फोटोंसाठी मी कॅमेऱ्याचं लोकेशन चालू ठेवते, दहा वर्षांनी ते नकाशावर बघायला आनंद होतो. पाठवताना मात्र काढून पाठवते. शेअर करायच्या पडद्यावर आयफोनमध्ये आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये त्याची सोय असते.

धावण्या-चालण्याची नोंद ठेवणारी अ‍ॅप वापरत असाल तर सुरुवात आणि शेवट लपवायची सेटिंग शोधा. स्ट्राव्हा या अशाच एका अ‍ॅपने सगळ्या वापरकर्त्यांच्या वाटा एकत्र करून जगाचा नकाशा काढला, आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड वाळवंटात उजळलेल्या रेषा म्हणजे लष्करी तळांवर धावणारे सैनिक आहेत.

ओळखीच्या माणसांना दिलेलं

कंपन्यांपेक्षा जवळच्या माणसांकडून होणारा त्रास मला जास्त गंभीर वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपचं लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांनी आपोआप थांबतं. गूगल मॅप्स किंवा आयफोनच्या 'फाइंड माय' मध्ये मात्र 'मी थांबवेपर्यंत' असाही पर्याय असतो, आणि कधीतरी प्रवासात दिलेलं ठिकाण वर्षानुवर्षं चालू राहतं. दोन्हीकडे कुणाकुणाला दिसतं त्याची यादी आहे. संबंध बदलतात, भांडणं होतात. ती यादीही बदलली पाहिजे. बॅगेत किंवा गाडीत कुणी छोटं ट्रॅकिंगचं यंत्र टाकलं असेल, तर मे २०२४ पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही, यंत्र कुठल्याही बाजूचं असलं तरी, 'एक अनोळखी ट्रॅकर तुमच्याबरोबर फिरतोय' अशी सूचना देऊ शकतात. ती आली तर चुटकीसरशी बाजूला सारू नका.

मुख्य बटण बंद करून काय थांबत नाही, तेही सांगायला हवं. सिमकार्ड चालू असेपर्यंत मोबाइल कंपनीला तुम्ही कुठल्या टॉवरखाली आहात ते कळतं, त्याशिवाय फोन वाजणारच नाही. इंटरनेटच्या पत्त्यावरून वेबसाइटला शहराचा अंदाज येतो. व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय, तो पत्ता झाकतं, पण ज्या अ‍ॅपला तुम्ही लोकेशनची परवानगी दिली आहे, त्याला खरं ठिकाणच मिळतं. उलट बटण बंद असल्याने हरवलेला फोन शोधणं मात्र अवघड होऊन बसतं.

मावशीच्या फोनची यादी आम्ही दोघींनी मिळून वाचली. एकेक नाव मी वाचत होते आणि ती ठरवत होती. "याला कशाला?" असं ती सात वेळा म्हणाली. 'सतत' च्या गटात शेवटी एकच नाव उरलं, फोन शोधून देणारं. टॉर्चचं अ‍ॅप काढून टाकलं. वरून बोट ओढलं की फोनचा स्वतःचा टॉर्च असतो, तो तिला दाखवला. मग लोकेशनचं बटण तिनेच चालू केलं आणि तसंच राहू दिलं.